१ जून

५ सप्टेंबर २०१७, मंगळवार
शिक्षक दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी. भाषणं काल उरकली. मुलांनी पेन दिलं. नवं पेन म्हणून ही वही. ३१ मेला निवृत्त. आमच्या पिढीतले निम्मे मास्तर त्याच दिवशी निवृत्त होतात. सगळे १ जूनचे. आई म्हणायची, तू थंडीत झालास.

ही म्हणाली, लिहा की. पण तुमच्या 'र'ची शेपटी खालच्या ओळीत लोंबते. वाचणार कोण?

१२ सप्टेंबर
शाळेत तीन फुटबॉल आले. शुक्रवारी राज्यभर दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा आहे. 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन'. सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात आहे, त्यानिमित्त. सही करून चेंडू ताब्यात घेतले. हवा नाही. पंप सायकलवाल्याकडे, पिन नाही. पिन शालिमारला मिळाली.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
दहा लाखांतली चारशे आमची. चेंडू तीन. निम्मं पटांगण पेव्हर ब्लॉकचं, दोघांचे गुडघे फुटले. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, अंगठे आले.

सगळे चेंडूमागे धावत होते. आठवीतला एक धावत नव्हता. संडासाच्या भिंतीजवळ उभा. चेंडू तिकडे गेला की भिंतीवर मारायचा, परत आला की डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं थांबवायचा. न बघता. अनवाणी. अकरा वेळा मोजलं, मग घंटा झाली.

१६ सप्टेंबर
डावऱ्या पेठ तालुक्यातला. आईबाप मखमलाबादला द्राक्षाच्या मळ्यात, पत्र्याच्या खोलीत राहतात. मोठा भाऊ त्याच्याच वर्गात होता, सहावीत शाळा सोडली. फुटबॉल कुठं शिकलास? 'टीव्हीत, सर. मालकाच्या.'

१८ सप्टेंबर
सकाळी सहाला गोल्फ क्लबवर नेलं. अनंत कान्हेरे मैदान असं कोणी म्हणत नाही. फिरायला येणाऱ्यांना चेंडूचा राग. एक काका म्हणाले, 'पळवा हो त्याला, कविता राऊतसारखं. फुटबॉलमध्ये नाशिकच्या पोराचं काय होणार?'

त्यांचं चूक कसं म्हणू? सावरपाड्याची पोरगी २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुलात दहा हजार मीटरला कांस्य घेऊन आली. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ गेल्या वर्षी रिओत रोइंगला तेरावा. चांदवड तालुक्यात प्यायला पाणी नाही. त्याला पाणी फौजेत भेटलं.

पण धावायला रस्ता पुरतो. फुटबॉलला समोर दुसरा पोरगा लागतो, तोही जमणारा. इथं नाही.

२० सप्टेंबर
पाऊस. सराव नाही. त्याला माझे जुने बूट दिले. दोन नंबर मोठे. पुढं कापूस कोंबून आला.

२४ सप्टेंबर, रविवार
बेर्शेवाहून फोन. इगतपुरीचा माझा वर्गमित्र. वडील रेल्वेत होते. १९७३ साली सगळं घर इस्राएलला गेलं. मराठी अजून तेव्हाचीच. 'आगीनगाडी' म्हणतो.

नातू नऊ वर्षांचा, क्लबच्या पोरांत खेळतो. हपोएल बेर्शेवा सलग दोन वर्षं लीग जिंकलेत, त्याआधी चाळीस वर्षं लीग नाही. गेल्या वर्षी इंटर मिलानला हरवलं तेव्हा गाव रात्रभर जागं होतं म्हणे. मी विचारलं, नातवाचं पुढं काय? म्हणाला, 'अठराव्या वर्षी फौज. इथं फुटबॉलवाल्यालाही सुटका नाही. चांगल्या खेळाडूला सवलत देतात, सरावाला सोडतात, पण वर्दी चढवावीच लागते. म्हणून सगळं लवकर. सातव्या वर्षी नाव घातलं. कार्डावर फोटो, जन्मतारीख. तारखेवरून गट. एक दिवस इकडंतिकडं चालत नाही.'

मग स्पीगलर काढला. हा त्याचा देव. मोर्देखाय स्पीगलर. जन्म रशियातला, वाढला नतान्याला. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात स्वीडनला एक गोल मारला. इस्राएलचा विश्वचषकातला तेवढा एकच गोल. पुढं पॅरिस, मग न्यूयॉर्क कॉसमॉस, पेलेच्या बाजूला. 'एका गोलावर माणूस कुठंवर गेला बघ.'

मी म्हटलं, आम्हालाही मारलाय त्यानं. १९६४, आशिया चषक, तुमच्याच देशात. इस्राएल २, भारत ०. आपण दुसरे आलो. त्याहून वर कधीच गेलो नाही. त्याला आठवलं, वडील इगतपुरी स्टेशनावर पेपर धुंडाळत होते. त्याच आठवड्यात नेहरू गेले. फुटबॉलला जागा कुठली? वडील कोणाच्या बाजूनं होते, विचारायचं राहून गेलं म्हणाला.

आता इस्राएल आशियात खेळतही नाही. १९७४ ला काढलं, १९९४ पासून युरोपात. 'घर आशियात, मॅच युरोपात,' म्हणाला आणि हसला.

३० सप्टेंबर, दसरा
डावऱ्या सोनं द्यायला आला. पाया पडला. पायात माझेच बूट. आत आता वर्तमानपत्र.

एका फुटबॉल अकादमीचं पत्रक मिळालं. निवड चाचणी नाशिकलाच, रविवार, १९ नोव्हेंबर. निवडलेल्यांना राहणं, जेवण, शाळा फुकट. अट एकच: जन्म १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतरचा.

३ ऑक्टोबर
आठवीचा पोरगा. चौदाचा असेल. बसेल.

५ ऑक्टोबर, कोजागिरी
सप्तशृंगी गडावर कावडी चालल्या आहेत. दिंडोरी रोड भगवा. डावऱ्या आला नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
नाही आला. छाटणी सुरू झाली.

रात्री आठला भारत-अमेरिका. भारत पहिल्यांदाच फिफाच्या विश्वचषकात. यजमान म्हणून का होईना. पंतप्रधान मैदानात. माझं लक्ष अनिकेत जाधववर. कोल्हापूरचा, रिक्षावाल्याचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आलेला. पुढं एकटा पडत होता. चेंडू येतच नव्हता. ०-३.

कोल्हापूरहून मेहुण्याचा फोन. 'भावजी, आमचा पोरगा पळाला का नाही?' तिथं पेठेपेठेची तालीम, तालमीची टीम. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा भिडले की घराघरांत भांडणं. बायका नवऱ्याशी बोलत नाहीत, असं मेहुणी सांगते. आठ वर्षांच्या पोराला तिथं दहा माणसं सांगतात, पाय असा ठेव.

अनिकेतचा जन्म १३ जुलै २०००. अट १ जानेवारी २००० ची. मनगटाचा एमआरआय काढून वय तपासतात म्हणे. हाड खोटं बोलत नाही.

८ ऑक्टोबर, रविवार
मखमलाबादला गेलो. छाटणी उरकून पेस्ट लावणं चालू. प्रत्येक डोळ्याला कापडाच्या बोळ्यानं. सगळ्यांचे हात लाल. त्याचेही. काम उक्तं घेतलंय, एकरावर. जितके हात तितकं लवकर. बाप म्हणाला, 'पंधरा दिवस, गुरुजी. मग तुमचाच आहे तो.'

आईला विचारलं, जन्म कधीचा? 'गंगेवर माणसं चेंगरली ना, त्या दिवसाचा. पोळ्याचा टाइम. सिव्हिलला होते मी. बाहेर नुसत्या गाड्या, रडारड. नर्सबाई म्हणल्या, थांब जरा, तुझं नंतर.'

सिंहस्थ. पर्वणीचा दिवस. २७ ऑगस्ट २००३. नाशिकात ती तारीख कोणाला शोधावी लागत नाही.

बसतोय.

९ ऑक्टोबर, सोमवार
कोलंबिया. ०-१ मागं. ८२ व्या मिनिटाला कॉर्नर, जॅक्सन सिंगचं डोकं, गोल! विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. मी उभा राहिलो, चहा सांडला. ही काय झालं विचारेपर्यंत कोलंबियानं दुसरा मारला. १-२. मिनिटभर बरोबरीत होतो.

१० ऑक्टोबर
बेर्शेवाहून मेसेज. त्यांचंही काल हरलं. जेरुसलेमला, स्पेनकडून, ०-१. 'तुमचा गोल पाहिला. एक गोल पुष्कळ झाला. स्पीगलरला विचार.'

१२ ऑक्टोबर
घाना ०-४. संपलं.

१३ ऑक्टोबर
अर्जाला बोनाफाईड लागतं. बाई म्हणाल्या, तुम्हीच रजिस्टर काढा, तुम्हीच लिहा, मी सही करते.

जनरल रजिस्टर. जून २०१०. तेव्हा शिक्षण हक्क कायदा नुकता लागू झाला होता. शाळाबाह्य मुलं शोधा, पट भरा. आम्ही मळ्यामळ्यात हिंडलो होतो. एका दिवसात एकेचाळीस नावं.

दोघा भावांची नावं खाली-वर. जन्मतारीख दोघांचीही १ जून २००२.

जुळे नाहीत.

'र'ची शेपटी खालच्या ओळीत.

१४ ऑक्टोबर
झोप नाही. हिला सांगितलं नाही.

१६ ऑक्टोबर
बाईंना अर्ज दिला. 'शाळेत आहे तोवर दुरुस्ती होते. पण जन्माचा दाखला आणा, मग वर पाठवू, मंजुरी येऊ द्या. आणि सर, चूक कोणाची असं लिहायचं?' म्हटलं, नजरचूक लिहा. म्हणाल्या, कोणाची ते विचारतात.

लिहिलं.

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
फटाके. वही उघडली, बंद केली.

२४ ऑक्टोबर
दाखल्यासाठी गेलो. नाव काय? पोराचं नाव तेव्हा ठेवलेलं नव्हतं. बापाच्या नावावर शोधा म्हटलं. त्या नावाची नोंद नाही. उद्या या.

२६ ऑक्टोबर
परवा या.

२८ ऑक्टोबर
अंतिम सामना. इंग्लंड दोन गोलनं मागं होतं, ५-२ नं जिंकलं. डावऱ्या बघायला आला होता. पेस्ट संपली. हातावरचा लाल अजून गेलेला नाही. बशी दोन बोटांनी धरून चिवडा खाल्ला. फोडन नावाचा पोरगा चेंडू घ्यायचा तेव्हा हा खाणं थांबवायचा. तोही डावराच. जाताना म्हणाला, 'सर, तो चेंडू घ्यायच्या आधीच मागं बघतो.' मला दिसलं नव्हतं.

२ नोव्हेंबर
सराव पुन्हा सुरू. फेलफूट काढायला जावं लागतं, म्हणून पहाटे साडेपाचला. मी टॉर्च धरतो. तीनपैकी एका चेंडूत बाभळीचा काटा.

७ नोव्हेंबर
त्याला बघ-बघ म्हणायची गरज नाही. आता तो घ्यायच्या आधी मागं बघतो.

९ नोव्हेंबर
बापाचं नाव सापडलं. आडनावात वेलांटीऐवजी मात्रा. पत्त्यात पेठऐवजी नुसतं 'पे'. लिंग पुरुष. नावाचा रकाना कोरा. आता आधी बापाचं प्रतिज्ञापत्र, मग नाव, मग दाखला.

शिपाई म्हणाला, 'कोणी लिहिलं असेल हो असं?' मी काही बोललो नाही.

१५ नोव्हेंबर
दाखला नाही. अकादमीला फोन केला. जुन्या बोनाफाईडवर घेणार नाहीत. एका पोरासाठी नियम वाकवला तर उद्या सगळे वाकवतील. खरं आहे. मीही हेच सांगितलं असतं.

१९ नोव्हेंबर, रविवार
तरी नेलं. दोनशेवर पोरं, आईबाप, केळी, ग्लुकोजच्या बाटल्या. टेबलावर कागद बघितले. आईचं सगळं सांगितलं, पर्वणी, सिव्हिल, चेंगराचेंगरी. तो तरुण पोरगा बिचारा ऐकून घेत होता. म्हणाला, 'सर, मी समजू शकतो, पण कागदावर २००२ आहे.'

दोरीच्या बाहेर बसलो. दुपारी एक चेंडू बाहेर आला. डावऱ्यानं डाव्या पायानं, बाहेरच्या कडेनं, तीस-पस्तीस पावलांवर नेमका आत दिला. आतल्या माणसानं वळून बघितलं. कोण ते शोधलं. मग पुन्हा वहीत बघून पुढचा नंबर पुकारला.

येताना निमाणीला वडापाव. म्हणाला, 'सर, बूट परत देऊ का?'

२२ नोव्हेंबर
सराव नाही.

२३ नोव्हेंबर
नाही.

२९ नोव्हेंबर, बुधवार
विश्वचषकातल्या पोरांचा संघ आय-लीगमध्ये उतरवलाय, इंडियन अ‍ॅरोज. आज पहिला सामना, गोव्यात. चेन्नई सिटीला ३-० हरवलं. त्यातले दोन अनिकेत जाधवचे. मेहुण्याचा फोन. बराच वेळ दोघंही नुसतेच हसत होतो.

नंतर चालत मखमलाबादला गेलो. डावऱ्याला सांगितलं. 'दोन?' म्हणाला. 'डाव्या पायानं?' ते मी विचारलं नव्हतं.

३० नोव्हेंबर, गुरुवार
दाखला मिळाला. जन्मदिनांक २७ ऑगस्ट २००३. नाव, आईचं नाव, ठिकाण, सगळं बरोबर. दोनदा वाचला. बाईंनी रजिस्टरात लाल शाईनं दुरुस्ती करायला सांगितली. केली. सावकाश.

अकादमीला पुन्हा फोन. पुढच्या चाचणीची अट १ जानेवारी २००४.