बिनवायरची केरसुणी

घरात एक माणूस भौतिकशास्त्र शिकवणारा असला की त्याच्या नशिबी एक जन्मभराचे काम येते. मिक्सर कोणता घ्यावा, गिझर किती लिटरचा असावा, इन्व्हर्टर कुठे ठेवावा, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्याला पाठ असणारच, अशी नातेवाइकांची श्रद्धा असते. आपण वर्गात क्वांटम सिद्धांत शिकवतो आणि घरचा फ्यूज उडाला की कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला हाक मारतो, हे सांगूनही ती श्रद्धा ढळत नाही. त्यामुळे बडोद्याच्या माझ्या आत्याकडे धूळ ओढण्याचे बिनवायरचे यंत्र घ्यायचे ठरले, तेव्हा ते निवडण्याचे काम बेळगावात बसलेल्या माझ्याकडे आले यात नवल काही नाही. दसऱ्याच्या सुट्टीत मी गेलोच.

आत्याचे घर दांडिया बाजारात आहे. ज्यांनी बडोदे पाहिले नाही त्यांना सांगायला हवे, की गुजरातेत असूनही या भागात मराठी कानांना परके वाटत नाही. गायकवाडांच्या राज्याबरोबर जी मराठी कुटुंबे तिकडे गेली त्यांच्या वाड्यांच्या खुणा येथे अजून दिसतात. सूरसागर तलाव हाकेच्या अंतरावर. एकोणिसाव्या शतकातील दिवाण भाऊ तांबेकरांचा, भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला वाडाही जवळच आहे. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोद्यास होते. त्यांचे निवासस्थान याच दांडिया बाजारात जपून ठेवले आहे. आत्याचे घर मात्र कोणी जपून ठेवलेले नाही, ते आपले आपण उभे आहे. खाली दोन खोल्या आणि अंगण, वर माडीवर तीन खोल्या. माडीची जमीन लाकडी फळ्यांची. वर जायला अरुंद, उभा जिना, आणि धरायला छतापासून लोंबणारा दोर. आत्याच्या मराठीत खिडकीला 'बारी' म्हणतात, आणि तिच्या घराला अशा बाऱ्या पुष्कळ. म्हणजे धुळीला दारे उघडी. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शहरात पुराचे पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर रस्त्यावरचा गाळ वाळून त्याचे जे पीठ झाले, ते कितीतरी दिवस वाऱ्याबरोबर घरोघर फिरत होते, असे आत्या सांगते.

आत्याचे वय ७६. दम्याची जुनी सोबत. डॉक्टर प्रत्येक वेळी सांगतात, "धूळ टाळा." हा सल्ला देणे सोपे आहे. धूळ टाळायची तर ती काढली पाहिजे, आणि काढायला केरसुणी हाती घेतली की ती प्रथम उडते. आमच्या बी. एस्सी. च्या विद्यार्थ्यांना स्टोक्सचा नियम ठाऊक असेल. १० मायक्रॉनचा कण माणसाच्या नाकाच्या उंचीवरून शांत हवेत काही मिनिटांत खाली येतो. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर उतरायला काही तास लागतात. म्हणजे सकाळी आठला झाडलेली खोली डोळ्यांना स्वच्छ दिसते खरी, पण दम्याच्या माणसाला त्रास देणारा बारीक भाग दुपारच्या जेवणापर्यंत हवेतच असतो. आत्या खोलीत येते ती नेमकी त्याच वेळी.

तेव्हा यंत्र हवे हे उघड होते. प्रश्न होता तो दुसराच. गेली एकोणीस वर्षे आत्याकडे एक बेन कामाला येतात. केर, लादी, भांडी, आणि अलीकडे आत्याला हात धरून जिना उतरवणे हेही. यंत्राची बोलणी त्यांच्या कानावर गेली. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भांडी पालथी घालता घालता विचारले, "मशीन आवशे पछी मने छूटी करशो?" यंत्र आले की मला कामावरून काढणार का? माझा आतेभाऊ कॅनडात असतो. पैसे त्याचेच होते, आणि फोनवरून सूचनाही त्याच्याच येत होत्या. त्याने सुचवलेही होते की यंत्र आल्यावर बेनचे तास कमी करता येतील. आत्याने फोन ठेवला आणि बेनला सांगितले की पगारातला एक रुपया कमी होणार नाही. फक्त झाडण्याच्या वेळात गाद्या आणि पडदे करायचे, जे एकोणीस वर्षांत कधी धड झालेच नाहीत. मला वाटते या सर्व खरेदीतला अवघड निर्णय तेवढाच होता, आणि तो दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी होऊन गेला.

आता यंत्राकडे येतो. हवेने धूळ काढण्याची कल्पना इंग्लंडच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याची म्हणतात. त्याने धूळ फुंकून उडवणारे एक यंत्र पाहिले आणि त्याच्या मनात आले, फुंकण्याऐवजी ओढली तर? मग या गृहस्थाने हॉटेलातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल अंथरला, त्याला तोंड लावले आणि जोराने श्वास आत ओढला. रुमालाच्या खालच्या अंगाला धुळीचा काळा ठसा उमटला. (शेजारच्या टेबलावरच्या मंडळींना काय वाटले असेल देव जाणे.) हे १९०१ साल. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीवर असे. गाडी रस्त्यावर उभी राही आणि नळ्या खिडकीतून घरात सोडत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्यानेच साफ केले. पुढे अमेरिकेत जेम्स मरे स्पँग्लर नावाच्या झाडलोट करणाऱ्या माणसाने हातात धरता येईल असे यंत्र बनवले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्यालाही दमाच होता. हे मी आत्याला सांगितले तेव्हा त्या अनोळखी माणसाबद्दल तिला एकदम आपलेपणा वाटला.

आपल्याकडे हे यंत्र मध्यमवर्गात रुजले ते १९८० नंतरच्या दशकात. युरेका फोर्ब्सचे गळ्यात टाय लावलेले विक्रेते दारोदार फिरत आणि आपलीच गादी झाडून आपल्याला लाजवीत, हे अनेकांना आठवत असेल. पण वायरच्या यंत्राला आत्याच्या घरी जागा नव्हती. त्या अरुंद जिन्यावरून डबा, नळी आणि वायरचे भेंडोळे वर न्यायचे, एका हातात दोर धरायचा, आणि माडीवर सॉकेट एकच, तेही देवघराच्या मागे! म्हणून बिनवायरचे. एक लांब दांडा, एका टोकाला फिरता ब्रश, दुसऱ्या टोकाला मोटर, धुळीचे भांडे आणि बॅटरी.

दुकानात गेलो तर भिंतीवर अशी दहाबारा यंत्रे बंदुकांसारखी ओळीने टांगलेली. किमती दहा हजारांच्या आतबाहेरपासून पन्नास हजारांच्या पुढे. प्रत्येक खोक्यावर आकडे. विक्रेता तरुण आकडे असे म्हणत होता की जणू संध्या करतो आहे. पहिला आकडा पास्कलचा. हा जितका मोठा तितकी ओढ मोठी, असे त्याचे म्हणणे. यात अर्धेच सत्य आहे. ही ओढ सहसा नळीचे तोंड पूर्ण बंद करून मोजतात. त्या क्षणी दाब सर्वांत जास्त असतो खरा, पण हवा तसूभरही वाहत नसते. आणि धूळ वाहून नेते ती वाहणारी हवा. दाब आणि प्रवाह दोन्ही मिळून जे काम होते ते 'एअर वॅट'मध्ये सांगतात. तो आकडा बहुतेक खोक्यांवर सापडला नाही.

दुसरा आकडा, "साठ मिनिटे चालते." मी बॅटरीवरची बारीक अक्षरे वाचली. २५.२ व्होल्ट, २.५ अँपिअर-तास. गुणाकार केला की ६३ वॅट-तास. म्हणजे साठ मिनिटे चालायचे तर यंत्राने ६३ वॅटच खायला हवेत, आणि त्यात फरशीवरचे केस आणि भुसा उचलला जाईल, गादीतली धूळ नाही. तेच यंत्र जोराच्या बटणावर ४०० वॅट घेते. ६३ ला ४०० ने भागा; साडेनऊ मिनिटे. दोन्ही आकडे खरे, पण खोक्यावर मोठ्या अक्षरात एकच. मधल्या वेगाला दीडशे वॅट धरले तर पंचवीस मिनिटे मिळतात. माडीच्या तीन खोल्यांना तेवढी पुरतात. हा हिशोब मी बिलाच्या मागे करून दाखवला. विक्रेत्याने तो कागद मागून घेतला, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला की लपवायला, ते कळले नाही.

बॅटरी लिथियम-आयनची. ती बाजारात प्रथम १९९१ मध्ये आली आणि तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण नोबेल मिळाले म्हणून ती अमर होत नाही. काहीशे वेळा भरली-रिकामी केली की तिची धारणा घटते, आणि उष्णता तर तिला मुळीच सोसत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर तिला चार्जिंगला टांगणे म्हणजे तिचे आयुष्य उन्हात वाळत घालणे. म्हणून दोन गोष्टी पाहिल्या: बॅटरी घरच्या घरी काढता येते का, आणि चार वर्षांनी तीच सुटी मिळेल का. पहिल्याचे उत्तर चटकन मिळाले.

दम्यासाठी खरा प्रश्न मात्र यंत्र काय ओढते हा नसून, मागून काय सोडते हा असतो. हेपा एच-१३ दर्जाची गाळणी सर्वांत सहज निसटणाऱ्या कणांपैकीही किमान ९९.९५ टक्के अडवते. परंतु गाळणी कितीही चांगली असो, यंत्राचे सांधे सैल असतील तर हवा गाळणीला वळसा घालून बाहेर पडते. मी यंत्र चालू करून सांध्यांवरून ओला तळहात फिरवला. दोन यंत्रे त्या परीक्षेत नापास झाली, त्यांतले एक महागातले होते.

एवढी चाळणी करून तीन यंत्रे उरली. आतेभाऊ कॅनडातून म्हणाला, "सगळ्यात पॉवरफुल घे." मी मधल्या किमतीच्या यंत्राकडे झुकत होतो. आत्या तोवर दुकानाच्या स्टुलावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "हातात धरणार बेन, आणि पसंत आपण करायचे? वरमाला घालणारीला मांडवाबाहेर ठेवून लग्न लावता काय?" दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गेलो.

बेन प्रथम यंत्राला हात लावीनात. विक्रेताही आत्याशीच बोलत होता. मग त्यांनी पदर खोचला, पहिले यंत्र उचलले आणि बटण न दाबताच, केर काढल्यासारखे पुढे-मागे केले. मग वर, जळमटे काढल्यासारखे. आकडा एकही विचारला नाही. सर्वांत जोरदार यंत्र, तीन किलोच्या आसपासचे, त्यांनी मिनिटभरात परत दिले. "आ तो उपरथी भारे छे. दस मिनिटमां कांडुं दुखशे." वरून जड आहे, दहा मिनिटांत मनगट दुखेल. मी चमकलो. मोटर आणि बॅटरी मुठीजवळ असलेल्या यंत्राचा गुरुत्वमध्य वर असतो, आणि फळीवर मी ते एका तासात दोन आकृत्या काढून शिकवतो! दुसऱ्या यंत्राचे बटण कामभर दाबून धरावे लागे. त्यावर त्यांनी आपले उजव्या हाताचे बोट दाखवले. वर्षानुवर्षे भांडी घासून ते सांध्यात वाकडे झाले आहे. तिसरे यंत्र दीड किलोच्या थोडे पुढे, बटण एकदा दाबले की पुरे, ब्रश मऊ, लाकडावर ओरखडा न पाडणारा, गाळणी हवी ती. ओढ तिघांत कमी. तेच घेतले. आतेभावाला फोटो पाठवला तेव्हा त्याने आकडा विचारला. आत्याने त्याला बेनचे वय कळवले.

केरसुणी घरातून गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. ओले आणि अंगणातला पाला या यंत्राचे काम नव्हे. शिवाय शिंदीच्या पानांची केरसुणी आपल्याकडे नुसती वस्तू नाही. लक्ष्मीपूजनाला तिलाच हळदकुंकू वाहतात, आणि तिला पाय लागला तर नमस्कार करतात. आमच्या कन्नड विभागातील मित्र तिला कसबरिगे म्हणतात, बडोद्याचे शेजारी सावरणी. यंत्राला अजून यांपैकी कुठल्याही भाषेत नाव नाही. आत्या त्याला 'दांडा' म्हणते. दसऱ्याला सर्व हत्यारांबरोबर दांड्यालाही झेंडूचे फूल मिळाले.

भांडे रिकामे करायचे ते अंगणात, आणि ते बेननीच नाकाला पदर बांधून करायचे, आत्याने त्या वेळी आत बसायचे, असा नियम मी घालून आलो. तो पाळला जात नाही. पहिल्याच आठवड्यात माडीच्या फळ्यांच्या फटींतून दांड्याने काय काय ओढून काढले ते आत्याने मला फोनवर वाचून दाखवले: मोहरी, चणियाचोळीवरच्या टिकल्या, कुठल्याशा उत्तरायणातला गुलाबी मांजा, आणि पाच पैशांचे ॲल्युमिनियमचे चौकोनी नाणे. नाणे धुवून बेननी देव्हाऱ्यात ठेवले आहे. मांजा ब्रशच्या रुळाला गुंडाळला होता, तो सोडवायला दोघींना अर्धा तास लागला.