जिन्याचा जमाखर्च

वजन उतरवायचे म्हटले की माणसे आधी जिमची फी विचारतात. आमच्यासारख्या कारकुनाला ती परवडत नाही. शिवाय संध्याकाळ वस्तीतल्या मिटिंगांत जाते. राहिला तो जिना. त्याला फी नाही, वेळापत्रक नाही.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी आमच्या कमरेला टेप लावली. ९६ सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. आमची साखरही काठावर होती. वाचनालयाची वर्गणी मागायला चौथ्या मजल्यावर जावे, तर दार उघडले तरी तोंडातून शब्द फुटत नसे. तेव्हापासून कचेरीतही लिफ्ट सोडली. चार मजले, दिवसातून चार वेळा, एकूण सोळा.

बी.कॉम. झालेला माणूस हिशेब मांडल्याशिवाय राहत नाही. ८० किलोच्या माणसाला एक मजला चढायला साधारण अडीच कॅलरी लागतात. सोळा मजल्यांच्या झाल्या चाळीस. एका वडापावात अडीचशे ते तीनशे कॅलरी असतात; म्हणजे एक वडापाव जिरवायला शंभराहून अधिक मजले! किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. वर्षाच्या अडीचशे कामाच्या दिवसांत आमची बचत दहा हजार, म्हणजे जेमतेम सव्वा किलो.

मग चढायचे कशाला? कारण वजनकाटा हे एकच खाते नव्हे. प्रत्येक पायरीला सगळे शरीर वर उचलावे लागते, म्हणून थोड्या वेळात हृदयाला व फुप्फुसाला भरपूर काम मिळते. मांडीचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम सांगितला आहे. जिना त्यात मोजला जातो. आता चौथ्या मजल्यावर आम्ही धाप न लागता बोलतो. वजन चार किलो उतरले. त्यात मोठा वाटा मुलांच्या आईने चहातली साखर व रात्रीचा भात कमी केला त्याचा.

आमचे वडीलधारे बीडीडी चाळींचे तीन मजले रोज चढले. त्यांचे कष्ट मोठे होते आणि ताट लहान. वरळीत त्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना घरांच्या चाव्या मिळाल्या. मोठे घर आणि लिफ्ट मिळाली, याचा आनंदच आहे. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना लिफ्ट हवीच. पण धडधाकट माणसाच्या पायांना तिने मुदतीआधीच पेन्शनीत काढू नये.

बंधूभगिनींनो, चाळीस मजले चढा असे आम्ही म्हणत नाही. लिफ्टमधून दोन मजले आधी उतरा. पहिला आठवडा तेवढेच करा, मग एकेक मजला वाढवा. पाऊल पायरीवर पुरते टेका, कठड्याजवळून चाला. गुडघे दुखत असतील तर उतरताना लिफ्ट घ्या, कारण उतरताना त्यांच्यावर भार जास्त येतो. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार असलेल्यांनी आधी विचारूनच सुरुवात करावी. आणि जिना चढून आल्यावर बक्षीस म्हणून भजी मागू नका; हिशेब तिथेच बुडतो.