रुतू नये म्हणून

आमच्या अमरावतीत आकाशातून बर्फ पडतो तो गारपिटीच्या रूपाने, आणि त्याचे स्वागत संत्र्याच्या बागाईतदारांच्या शिव्याशापांनी होते. त्यामुळे गेल्या जानेवारीत अकोल्याचा माझा भाचा दोन स्कींची छायाचित्रे पुढे ठेवून, “मामा, गुडघ्यांच्या दृष्टीने यांतली कोणती घेऊ?” असे विचारू लागला, तेव्हा मी क्षणभर निरुत्तर झालो. इतक्या वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

भाच्याने दोन हिवाळे गुलमर्गला प्राथमिक शिक्षण घेतले होते. यंदा त्याला यंत्राने दाबून सपाट केलेला उतार नको होता. अफरवट पर्वताच्या मोकळ्या अंगावरून, ताज्या भुसभुशीत हिमातून उतरायचे होते. स्कीची रुंदी मोजतात ती कमरेशी, म्हणजे मधल्या सर्वांत अरुंद भागात. एक स्की तिथे ८० मिलिमीटर होती, दुसरी १०८.

शेजारी झोपाळ्यावर बाबा बसले होते. वय ८४. दिवाळीनंतर अंगणात त्यांचा तोल गेला होता. खुब्याचे हाड बचावले ते केवळ दैवाने. मी आणलेली काठी मात्र तेव्हापासून खुंटीलाच होती. “मले कायले पाह्यजे काठी? मी काय म्हातारा झालो?” हा त्यांचा बिनतोड सवाल. एकदा मी आवाज चढवला, तर ते दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. घरोघरच्या शुश्रूषा करणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा.

भाचा आजोबांना समजावू लागला. ताज्या हिमात बूट घालून उभे राहिले तर माणूस मांडीपर्यंत रुततो. १८० सेंटिमीटर लांब आणि सरासरी ८ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की घातल्या, तर वजन सुमारे २,९०० चौरस सेंटिमीटरवर पसरते. सरासरी रुंदी ११ सेंटिमीटर केली, तर जवळपास ४,००० वर. माणूस तोच, वजन तेच, पण तो हिमात बुडण्याऐवजी त्यावर तरंगू लागतो.

“हे तं आपल्या बंडीवानीच हाय ना बाप्पा!” बाबा म्हणाले. लोखंडी धावेचे अरुंद चाक श्रावणात काळ्या मातीत आसापर्यंत जाई. रबरी टायरची बंडी त्याच वाटेने निघून जाई. पुढचा अर्धा तास त्या दोघांचे असे काही जमले की मला कोणी विचारीना.

रात्री मी या विषयावर थोडे वाचले, आणि एक गोष्ट फार आवडली. पूर्वी खोल हिमातही लांब, अरुंद स्कीच वापरत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या ॲटॉमिक कंपनीतील रुपर्ट हूबर यांनी जवळजवळ दुप्पट रुंदीची ‘पावडर प्लस’ ही स्की घडवली. पट्टीचे स्कीपटू तिला हसले. ती लबाडी आहे, दमलेल्या आणि उतारवयातल्या लोकांची सोय आहे, असे म्हणू लागले. हेलिकॉप्टरने शिखरावर जाणाऱ्या पन्नाशी-साठीच्या हौशी मंडळींनी मात्र ती आनंदाने पायात चढवली. दुपारपर्यंत मांड्या भरून येणारे लोक संध्याकाळपर्यंत उतरू लागले. पुढे शेन मॅकॉन्की या नामवंत स्कीपटूने पाण्यावरच्या स्कीवरून कल्पना घेऊन, मधोमध रुंद आणि टोके वर उचललेली ‘स्पॅट्युला’ २००२ मध्ये बाजारात आणवली. म्हाताऱ्यांची म्हणून हिणवलेली रुंदी आज मोठ्या पर्वतांवरचे तरबेज लोक सर्रास वापरतात.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत मी भाच्याला सांगितली, बाबा ऐकत आहेत याची खात्री करूनच. (वैद्यकातही थोडी लबाडी चालते.)

पण रुंद म्हणजे सर्वत्र उत्तम, असेही नाही. दाबलेल्या, कडक हिमावर रुंद स्की कडेवर कलवायची तर कड पावलाच्या मध्यापासून दूर पडते. कलवायला जोर जास्त लागतो आणि तो घोट्या-गुडघ्यावर येतो. भाच्याचे निम्मे दिवस तयार उतारावर जाणार होते. म्हणून १०८ ऐवजी १०० च्या आसपासची, पुढचे टोक उचललेली स्की भाड्याने घ्यावी, असे ठरले. त्याहून मी आग्रह धरला तो बूट अडकवणाऱ्या खटक्याचा. पडताना तो वेळेवर सुटला नाही, तर पिळवटतो पाय. किती जोराने सुटावा हे वजन, उंची, बुटाची लांबी, कौशल्य आणि वय पाहून लावतात. पन्नाशीनंतर तो आकडा एक पायरी खाली आणतात. स्की बनवणाऱ्यांनाही वय विचारावे लागते, हे वाचून मला बरे वाटले.

दोन गोष्टी रुंदीने सुटत नाहीत. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० वर, आणि तिथून गोंडोला थोड्याच वेळात ३,९०० मीटरच्या पुढे नेऊन सोडतो. हृदयविकार किंवा दमा असलेल्या आजी-आजोबांनी नातवंडांच्या हौसेखातर वरच्या टप्प्याचे तिकीट काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. दुसरी गोष्ट हिमस्खलनाची. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू त्यात दगावले. माहीतगार वाटाड्या, संकेत देणारे यंत्र, फावडे आणि शोधकाठी यांवाचून मोकळ्या उतारावर जायचे नाही, असे वचन मी भाच्याकडून घेतले. त्याच्या आईला मी यातले बरेच सांगितले नाही.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. बाबांनी विचारले, “रुतला का रे?” पहिल्या दिवशी हट्टाने अरुंद स्की घेऊन तो तासभर हिमात चाचपडला होता आणि दुपारी दुकानात जाऊन रुंद घेऊन आला होता. बाबा बराच वेळ हसले.

संध्याकाळी ते म्हणाले, “ते काठी आन.” मी चार पायांची काठी काढली, तर त्यांनी मान हलवली: अंगण उंचसखल आहे, चारही पाय टेकणार कसे? बरोबर होते ते. अंगणासाठी मग एकाच पायाची काठी घेतली. तळाशी रुंद रबरी टोपण, आणि उंची हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात ती धरायची, हे पटायला चार दिवस लागले. चारपायी काठी घरातल्या फरशीवर वापरतात.

रात्री उठताना मात्र अजूनही काहीच घेत नाहीत. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला दांडा बसवायचे ठरले आहे. सुतार सोमवारी येणार होता. अद्याप आलेला नाही.