सरदारकाका

मला गाडी चालवायला सरदारकाकांनी शिकवलं. नांदेडला आमच्या गल्लीत सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आसऱ्याने पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या दख्खनी शीख घरातले ते. घरात पंजाबी बोलत, दाराबाहेर आमच्यासारखीच मराठवाडी. त्यांचा एक ट्रक होता आणि एक जुनी जीप. माझे वडील लवकर गेले होते. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा काका आईला म्हणाले, "वहिनी, पोरगी शिकायली ते चांगलंच हाय. पण स्टिअरिंग हातात आलं की कुणाच्या तोंडाकडं बघत बसावं लागत नाही." त्या काळी आमच्या गल्लीत बाई जीप चालवते हे कुणी पाहिलेलं नव्हतं. काकांनी कुणाला विचारलंही नाही.

आमची शाळा म्हणजे नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर हा रस्ता. आज तो राष्ट्रीय महामार्ग ३६१चा भाग आहे. तेव्हा समोरून ट्रक आला की एक चाक साइडपट्टीवर उतरवावं लागे, आणि पावसाळ्यात तिथेच गाडी फसे. काका मुद्दाम जीप कंधारकडच्या कच्च्या वाटांवर घालत. "आधी जमीन बघ, मंग रस्ता बघ," हे त्यांचं पहिलं सांगणं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पडतात. वर डांबर कितीही चांगलं टाका, खालची जमीन हलत असेल तर रस्ता टिकत नाही. म्हणूनच आपल्याकडे काळी माती उपसून मुरमाचा भराव घालतात. काका इंजिनिअर नव्हते, पण मातीचा रंग बदलला की पायाखालचा वेग बदलायचा, हे त्यांनी मला पुस्तकं वाचण्याआधी शिकवलं.

चाक बदलणंही त्यांचंच. जॅक लावण्याआधी दुसऱ्या चाकाखाली दगड लाव. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. घट्ट करताना एकाआड एक, समोरासमोरचे. आणि रस्त्यात बंद पडलेली गाडी दिसली की थांबायचं; ओळख विचारायची नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. काका त्याच दिवशी ट्रकमध्ये पाण्याचे ड्रम, ब्लँकेटं, पीठ-तेल भरून निघाले. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेले. औशाच्या पुढे पाऊस लागला होता. दगडमातीच्या जाड भिंती घरातल्या माणसांवरच कोसळल्या होत्या, आणि गावातली गल्ली कुठे होती हेही कळत नव्हतं. काका सारखे खाली उतरून पायाने जमीन दाबून बघत आणि मग ट्रक पुढे घेत. त्या दिवशी ते माझ्याशी जवळजवळ काहीच बोलले नाहीत. परतताना एका म्हाताऱ्याला लातूरच्या दवाखान्यात सोडलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा धडा होता, असं मी आजही म्हणते.

लग्नानंतर मी कॅनडात, एडमंटनला आले. मुलगी मोठी झाल्यावर एका उन्हाळ्यात आम्ही दोघी कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या डेम्पस्टर हायवेला निघालो. डॉसन सिटीजवळून सुरू होणारा हा रस्ता उत्तर ध्रुववृत्त ओलांडून इनुविकला पोहोचतो. सुमारे ७४० किलोमीटर, जवळजवळ सगळा खडीचा. तिथून पुढे टक्टोयाक्टकला, थेट आर्क्टिक समुद्रापर्यंत, २०१७च्या नोव्हेंबरमध्ये आणखी सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता खुला झाला. डेम्पस्टरच्या वाटेत पील आणि मॅकेन्झी या दोन नद्या. उन्हाळ्यात गाडी फेरीबोटीवर चढवायची, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून न्यायची. बर्फ धरताना आणि फुटताना काही आठवडे रस्ता बंदच.

तिथली जमीन वरच्या थराखाली बारा महिने गोठलेली असते. ती वितळली की रस्ता खचतो, म्हणून खडीचा जाड भराव घालून खालचं बर्फ उन्हापासून जपतात. हे ऐकल्यावर मी मुलीला लोहा-अहमदपूरची काळी माती समजावून सांगत बसले. आपल्याकडे भीती पाण्याची, तिथे उबेची. दोन्हीकडे रस्ता करणाऱ्याला हलत्या जमिनीशीच बोलावं लागतं.

ईगल प्लेन्स हा निम्म्या वाटेवरचा मुक्काम आणि पेट्रोलचा भरवसा. त्याच्या पुढे धारदार दगडाने आमचं मागचं चाक फाटलं. फोनला सिग्नल नाही. मी काही सांगण्याआधी मुलीने पुढच्या चाकाखाली दगड लावला होता. एडमंटनच्या आमच्या दारात मी तिला काकांच्याच क्रमाने शिकवलं होतं. याच वाटेवरच्या फोर्ट मॅकफर्सन गावचा, ग्विचिन या तिथल्या मूळनिवासी समाजाचा एक माणूस पिकअप घेऊन जाताना थांबला. स्टेपनी एकच आहे की दोन, एवढंच त्याने विचारलं आणि चाक बसेपर्यंत हलला नाही. काका असते तर त्याला चहा पाजल्याशिवाय सोडते ना.

डेम्पस्टर हे नाव एका पोलिसाचं. १९१०च्या डिसेंबरात फिट्झजेराल्ड या पोलीस अधिकाऱ्यासह चार जण कुत्र्यांच्या गाड्या घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाले. वाटेत भेटलेल्या इसाव जॉर्ज या ग्विचिन वाटाड्याला त्यांनी थोड्या दिवसांत परत पाठवलं. पुढचं वळण त्यांना सापडलं नाही. शिधा संपला, कुत्री खावी लागली, आणि चौघेही बर्फात गेले. त्यांना शोधायला डेम्पस्टर निघाला तो चार्ली स्ट्युअर्ट या ग्विचिन वाटाड्याला बरोबर घेऊन, आणि १९११च्या मार्चमध्ये त्यांची प्रेतं सापडली. रस्त्याला नाव मात्र एकट्या डेम्पस्टरचं आहे. त्याचा मान योग्यच आहे. तरीही वाट जाणणाऱ्याचं नाव त्या वाटेला असायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

सरदारकाका आता नाहीत. त्यांनी शिकवण्याचा एक पैसा कधी घेतला नाही, आणि मी देऊ केला असता तर रागावले असते. काकू नांदेडलाच असतात. हा लेख त्यांना त्यांचा नातू वाचून दाखवणार आहे.