सॅक्सोफोनवाल्याच्या मुलास

श्री. पीट टाउनशेंड यांस,


तुमच्यावर लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण बंडापासून सुरुवात करतो. तुमच्या रॉक बँडचं १९६५चं गाणं 'माय जनरेशन', त्यातलं मुद्दाम अडखळणं, म्हातारपणाआधी मरण मागण्याची मस्ती, शेवटी फुटलेली गिटार. आणि निष्कर्षही ठरलेला: युद्धानंतर वाढलेल्या पोरांनी बापांच्या पिढीला लाथाडलं. मला हे पटत नाही. तुम्ही बापाचाच धंदा पुढे चालवलात. फक्त तो फार मोठ्या आवाजात चालवलात.

युरोपातलं युद्ध ८ मे १९४५ला थांबलं आणि १९ मेला, पश्चिम लंडनच्या चिझिक भागात, तुम्ही जन्मलात. आई बेटी गायिका. वडील क्लिफ 'स्क्वाड्रनेअर्स'मध्ये ऑल्टो सॅक्सोफोन वाजवायचे. हा ब्रिटिश हवाई दलाचा नृत्यबँड. अंगावर गणवेश, वाजवायचं मात्र अमेरिकी वळणाचं स्विंग. उद्या विमानात बसणाऱ्या आणि कदाचित परत न येणाऱ्या पोरांना आज रात्री नाचवायचं, हीच त्यांची लढाई. शांतता झाल्यावर बँड मुलकी झाला, उन्हाळ्यात आइल ऑफ मॅनसारख्या सुटीच्या ठिकाणी वाजवू लागला. तुम्ही लहानपणी बँडच्या गाडीतून हिंडलात. नाचणारे तेच होते. काय विसरण्यासाठी नाचतो आहोत, हे कुणी बोलत नव्हतं. तुमच्या देशात रेशन १९५४ पर्यंत होतं, म्हणजे नवव्या वर्षापर्यंत तुमच्या ताटातलं मांस मोजून आलेलं होतं. युद्ध घरात होतं, पण त्याचं नाव निघत नव्हतं.

गणवेश मात्र तुमच्या पिढीला चुकला. १ ऑक्टोबर १९३९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ब्रिटनने सक्तीच्या लष्करी सेवेला बोलावलं नाही. थोरल्या भावांची दोन वर्षं छावणीत गेली. धाकट्यांना ती फुकट मिळाली, शिवाय त्या काळात नोकऱ्या मुबलक आणि पोरांच्या खिशात पहिल्यांदाच स्वतःचे पैसे. दुसरीकडे आर्ट स्कूलचे दरवाजे कारागिरांच्या, कारकुनांच्या मुलांना उघडे होते. लेनन लिव्हरपूलच्या, कीथ रिचर्ड्स सिडकपच्या, रे डेव्हिस हॉर्न्सीच्या आणि तुम्ही ईलिंगच्या आर्ट स्कूलमध्ये. भरती बंद झाली आणि चित्रकलेचे वर्ग भरले. ब्रिटिश रॉकचा अर्धा इतिहास एवढ्यात येतो. प्रतिभेबद्दल बाकीचे लिहितातच.

ईलिंगला तुम्ही गुस्टाव्ह मेट्झगरचं व्याख्यान ऐकलंत. मला वाटतं, तुमच्या गोष्टीतला हा सगळ्यात महत्त्वाचा माणूस, आणि चाहत्यांच्या तोंडी तो सगळ्यात कमी. न्यूरेंबर्गच्या ज्यू घरातला हा मुलगा १९३९मध्ये मुलांना वाचवणाऱ्या आगगाडीने इंग्लंडला पोचला. आईवडील मागे राहिले आणि मारले गेले. पुढे चित्रकार होऊन त्याने 'आत्मनाशी कला' मांडली. १९६१मध्ये थेम्सच्या काठी उभं राहून त्याने ताणलेल्या नायलॉनच्या कापडावर आम्ल फवारलं. चित्र होता होता विरघळून गेलं आणि भोकांतून पलीकडचं शहर दिसू लागलं. जगाने काय केलं ते दाखवायचं तर सुंदर चित्र काढून भागणार नाही, हा त्याचा हेका.

तीनेक वर्षांनी हॅरोच्या रेल्वे हॉटेलमध्ये ठेंगण्या छताला लागून तुमच्या रिकनबॅकर गिटारचं टोक मोडलं. ते अपघातानेच झालं. पण मग तुम्ही तिचे तुकडे केलेत आणि पुढच्या खेपेला लोक तेच पाहायला आले. मेट्झगरचं आम्ल तिकिटावर मिळू लागलं. आता, खंडेनवमीला पेटी-तबल्याला हळदकुंकू लावणाऱ्या मुलखातला मी. चुकून वाद्याला पाय लागला तर हात आपोआप कपाळाकडे जातो. तेव्हा हे पाहताना पोटात कालवतं, तुमची कारणं ठाऊक असूनही. १९६७मध्ये मॉन्टरेच्या महोत्सवात तुम्ही गिटार आपटलीत त्याच दिवशी दुपारी पंडित रविशंकर त्याच मंचावर वाजवून गेले होते. हा प्रकार त्यांना अतिशय लागला आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. मी पंडितजींच्या बाजूचा. पण न्यूरेंबर्गचा तो मुलगा डोळ्यांपुढे आला की माझी बाजू थोडी डळमळते, हेही खरं.

आवाजाचं म्हणाल तर तो अक्षरशः ऑर्डर देऊन बनवून घेतलेला. हॅनवेलला जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान. तुम्ही आणि तुमच्या बँडमधले जॉन एन्टविसल त्यांच्याकडे 'आणखी मोठा' म्हणून धरणं धरून बसायचात. शंभर वॉटचा अँप्लिफायर झाला, त्याखाली बारा इंची आठ स्पीकरचं एकच खोकं. ते उचलताना हमालांची कंबर मोडू लागली, मग त्याचे चार-चारचे दोन भाग करून एकावर एक ठेवले. आज गणपतीच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत पाहून जे कान झाकतात, त्यांनी या खोक्याची वंशावळ जरूर काढावी. १९७६मध्ये चार्ल्टनच्या मैदानावर ३२ मीटरवरून १२६ डेसिबल मोजले गेले आणि गिनेसच्या पुस्तकात तुमचं नाव लागलं. पुढे तुमचे कान अधू झाले आणि आत कायमची शीळ राहिली. लपवण्याऐवजी तुम्ही ते जाहीर सांगितलंत आणि वादकांच्या कानांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसे दिलेत, याबद्दल तुम्हाला कोणी पुरेसं श्रेय देत नाही.

आता 'टॉमी'. १९६९ सालची ही जोड-तबकडी मी बंडाच्या नव्हे तर घराच्या कप्प्यात ठेवतो. युद्धात मेला असं समजलेला बाप परत येतो, घरात दुसरा पुरुष असतो, खून होतो आणि पोराला बजावलं जातं की तू काही पाहिलं नाहीस, काही ऐकलं नाहीस. पोर आज्ञाधारक. ते आंधळं, बहिरं, मुकं होतं. तुम्ही गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरची लिहिलीत. १९७५मध्ये केन रसेलने सिनेमा काढला, तेव्हा बाप दुसऱ्या महायुद्धातला हवाई दलाचा अधिकारी झाला. क्लिफचा गणवेश त्याच्या अंगावर आला, आणि मला वाटतं, गोष्ट आपल्या खऱ्या पत्त्यावर पोचली. चूप बसवलेली अशी घरं फाळणीनंतर आमच्याकडेही कमी नव्हती.

'टॉमी'च्या आधीच, १९६७च्या अखेरीस, चित्रकार माइक मॅकिनर्नी यांनी तुम्हाला मेहेरबाबांबद्दल सांगितलं. तुमच्याकडचे समीक्षक इथे हमखास घसरतात. साठच्या दशकातलं एक पौर्वात्य खूळ, असं म्हणून दोन ओळींत पुढे जातात. मी नगरचा, सरकारदरबारी आता अहिल्यानगरचा. आम्हाला बाबा आधी कळतात आणि गिटार मागाहून. बीटल्स १९६८मध्ये ऋषिकेशला गेले आणि काही आठवड्यांत परतले. तुम्हाला तर गुरूचं दर्शनही झालं नाही. पुण्यात जन्मलेल्या या इराणी माणसाने १० जुलै १९२५ पासून मौन धरलं, आधी पाटीवरच्या अक्षरांवर बोट फिरवून आणि नंतर नुसत्या खुणांनी जगाशी व्यवहार केला, आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवला. तेव्हा 'टॉमी'चं रेकॉर्डिंग लंडनमध्ये चालूच होतं. मुक्या पोराची गोष्ट गाणाऱ्याचा गुरू साडेत्रेचाळीस वर्षं न बोललेला! हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण तबकडीवर बाबांचं नाव तुम्हीच छापलंत. घरातलं मौन माणसाला मुकं करतं हे तुम्हाला माहीत होतं. स्वतःहून धरलेलं मौन काय करतं, हे शोधायला तुम्ही नगरजवळच्या अरणगावपर्यंत आलात.

१९७२मध्ये तिथे, बाबांच्या मेहेराबादला, आलात तेव्हा दौंड-मनमाडचा रेल्वेमार्ग ओलांडला असणारच. त्या मार्गालगतच्या जुन्या इमारती कुणाच्या, हे कुणी सांगितलं होतं का? पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी तळाचे ते अवशेष. १९२३मध्ये बाबा तिथे राहायला गेले आणि लष्कराच्या उरल्यासुरल्या भिंतींत आश्रम थाटला गेला. तुमच्या टॉमीचा आश्रम कुठला, तर सुटीची छावणी. बटलिनच्या तशा छावण्या युद्धकाळात सैन्याने घेतल्या होत्या आणि युद्धानंतर त्यांत पुन्हा सहकुटुंब सुट्या सुरू झाल्या. ती छावणी कथेत घालण्याची कल्पना म्हणे तुमचा ड्रमवादक कीथ मून याची. वाह्यात माणसाला कधी कधी फार खोलवरचं सुचतं.

आणि त्या छावणीत तुम्ही काय घडवलंत? बरा झालेला टॉमी गुरू होतो, भक्त लोटतात, मालाची विक्री सुरू होते, नियम लादले जातात आणि शेवटी भक्तच त्याला झुगारून देतात. नवा नवा शिष्य झालेला माणूस हे लिहितो! पुण्याच्या बाबाजान, शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज, केडगावचे नारायण महाराज, नागपूरचे ताजुद्दीन बाबा अशी मेहेरबाबांच्या सद्गुरूंची यादी त्यांचे अनुयायी सांगतात. पाचही महाराष्ट्राशी जोडलेले. अशा या मुलखात गुरूविषयी आम्ही दोनच सूर लावतो, एक आरतीचा आणि दुसरा बुवाबाजीच्या निषेधाचा. दोन्ही एकाच तबकडीवर, आणि दोन्ही मनापासून लावलेले, मी फक्त तुमच्याकडे ऐकले.

पुढचं सगळं, म्हणजे फसलेला 'लाइफहाउस' प्रकल्प, त्यातून उरलेलं आणि बाबांचं नाव मिरवणारं गाणं 'बाबा ओ'रायली', 'क्वाड्रोफीनिया', मूनचं ३२व्या वर्षी जाणं, हे तुम्हाला मी काय सांगावं. एक मात्र नोंदवतो. २०१२मध्ये लंडन ऑलिंपिकचा समारोप तुम्ही 'माय जनरेशन'ने केलात, तेव्हा बंडखोर सरकारी झाला म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. क्लिफ सरकारी गणवेशातच वाजवत होते. ६७ वर्षांचा मुलगा देशाच्या जत्रेत वाजवायला उभा राहिला, यात कुठे काय बिघडलं?

पत्र लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. 'टॉमी' १९९३मध्ये ब्रॉडवेवर नाटक म्हणून उभं राहिलं. आमची रंगभूमी गाण्यावरच वाढली. 'संगीत' हा शब्द नाटकाच्या नावाआधी लावायची आमची जुनी रीत आहे. 'संगीत टॉमी' मराठीत व्हायला हवं आणि ते नगरच्या नटांनी करायला हवं. परवानगीसाठी कुणाला लिहायचं ते कळवा. हक्कांची रक्कम मात्र मराठी नाटकाला झेपेल अशी सांगा.

आपला,
एक नगरकर