लेकीचा ठराव

रमजान ईदला लेक मंद्रूपला आली ती सरळ ओसरीवर आडवी झाली. सलग छत्तीस तास ड्युटी करून आली होती. शीरखुर्म्याची वाटी उशाशी तशीच राहिली. एप्रन धुवायला घेताना खिशात घडी घातलेला कागद सापडला. वर लिहिलं होतं, ‘ठराव’.

आम्ही दोघंही घाबरलो. परीक्षेचा फॉर्म, प्रबंधावरची सही, सगळं सीनियरांच्या हातात. त्यात आपलं नाव चटकन लक्षात राहणारं. “बेटा, तीन वर्षं मान खाली घालून काढ,” असं आम्हीच तिला म्हणालो.

“अब्बा, मी भांडायला नाही चालले,” ती म्हणाली. 1992 सालच्या केंद्राच्या पत्रातच आहे म्हणे, की निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे दिवसाला 12 आणि आठवड्याला 48 तासांहून जास्त नसावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत ‘वाजवी तास’ आणि आठवड्याची सुट्टी आली. 2024 मध्ये आयोगाच्याच कृतिदलानं 74 तासांची मर्यादा सुचवली. अठ्ठेचाळीसचे चौऱ्याहत्तर झाले, आणि आमची लेक त्याच्याही पुढे!

निवासी डॉक्टर म्हटलं की आपल्याला मार्ड आठवते, आणि मार्ड म्हटलं की संप. संपाच्या दिवशी एसटीनं शहरात जाऊन केसपेपर हातात घेऊन परत येणं आम्हीही भोगलंय. तिची वाट वेगळी होती. 1928 पासूनची इंडियन मेडिकल असोसिएशन ही थोरामोठ्या डॉक्टरांची संघटना, असं आम्ही धरून चाललो होतो. पण एमबीबीएस होऊन नोंदणी झालेला निवासी डॉक्टरही तिचा सदस्य होऊ शकतो. गावच्या शाखेतला विषय राज्य शाखेकडे आणि तिथून केंद्रीय परिषदेकडे जाऊ शकतो. जागतिक वैद्यकीय संघटनेनंही 2010 मध्ये तरुण डॉक्टरांसाठी वेगळी फळी उभी केली.

कागद मात्र दोन पानं भरून नुसता राग होता. आमच्यापैकी एकाची उभी नोकरी ग्रामपंचायतीत ठराव लिहिण्यात गेलेली. काय हवं, कोणी करायचं, कधीपर्यंत, एवढंच ठेवायला सांगितलं. रात्री बसून दोन पानांच्या सहा ओळी केल्या: सलग 24 तासांनंतर पूर्ण विश्रांती, आठवड्याची सुट्टी, आणि दर तीन महिन्यांनी शाखेनं ड्युटीचं वेळापत्रक मागवावं. सूचक ती स्वतः. अनुमोदक म्हणून एका ज्येष्ठ डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “आधी आकडे आण.” मग तिनं आणि मैत्रिणींनी महिनाभर वहीत येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. आधीच झोप नाही, त्यात हे!

बैठकीत एक जण म्हणाले, आम्हीही असेच शिकलो. त्याचं तिला काही वाटलं नाही. दुसऱ्यांनी विचारलं, मग रात्री वॉर्ड कोण बघणार? हा प्रश्न आम्हालाही रास्त वाटतो, उद्या तिथं आपलंच माणूस असेल. तिच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी रिकाम्या जागा भरण्याची सातवी ओळ घालून ठराव राज्य शाखेकडे गेला. अजून काही कळलेलं नाही.

काल मगरिबनंतर तिचा फोन आला. ठरावाचं विचारलं तर म्हणाली, “अम्मी, आज सुट्टी मिळालीय. झोपते. फजरलाच उठवा.”