हर्णैच्या वाळूवरचा बाजार

मैत्रिणींनो, मासळी घेताना तुम्ही घासाघीस करता ना? मी तर अगदी पटाईत! आमच्या साताऱ्याच्या मंडईत कोळणीने दोनशे म्हटलं, की माझ्या तोंडून आपोआप 'दीडशे' निघायचं. तिने मान हलवली की मी पिशवी उचलून चार पावलं पुढे जायची. मागून 'या हो ताई' अशी हाक आली, की काय तो आनंद! घरी आल्यावर सासूबाईंना भाव सांगताना मान कशी ताठ व्हायची माझी.

हे सगळं आधीच सांगतेय, कारण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हर्णैला गेलो आणि माझा हा तोरा तिथल्या वाळूत उतरला. कसा उतरला, तेच आज सांगायचं आहे. शिवाय तुमच्यापैकी कुणाला मुलाबाळांना घेऊन तिकडे जायचं असेल, तर चार उपयोगाच्या गोष्टीही सांगून टाकते.

हर्णै म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं जुनं मासेमारी बंदर. दापोलीपासून पंधरा-सोळा किलोमीटर. मुलांना समुद्र हवा होता, ह्यांना किल्ला हवा होता आणि मला दोन दिवस चुलीपुढून सुटका हवी होती. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळतात, असं आमच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं आणि बेत ठरला.

पहाटे साताऱ्याहून निघालो. कऱ्हाड, पाटण, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढे खेड आणि दापोली. घाटात धाकटीला दोनदा उलटी झाली, तेवढी एक पिशवीभर लिंबं बरोबर ठेवा बरं का! वाटेत मुलांना महर्षी कर्व्यांची गोष्ट सांगितली. हर्णैच्या शेजारचं मुरूड हे अण्णासाहेबांचं गाव. १८७५ साली परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी आले, तेही पावसापाण्यात, डोंगर चढून. आणि इतकं करून 'वय कमी दिसतं' म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. थोरल्याने लगेच विचारलं, "मग ते रडले का गं?" मी म्हटलं, रडले की नाही ठाऊक नाही, पण मोठेपणी त्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं, १९१६ मध्ये. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. पण ज्या वाटेने ते चालत आले ती गाडीत बसूनसुद्धा संपता संपेना, तेव्हा कुठे ती मला खरी कळली.

लांबून आणि जवळून

दुपारी हर्णैला पोचलो. एका घरातच राहायची-जेवायची सोय केली होती. जांभ्या दगडाचं कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे नारळी-पोफळी. काकूंनी तांदळाची भाकरी, बांगड्याची आमटी आणि सोलकढी वाढली. दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण म्हणजे काय सुख असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको!

उन्हं कलल्यावर बंदराकडे निघालो. वरच्या वाटेवरून पाहिलं, तर अगदी कॅलेंडरवरचं चित्र. निळ्या पाण्यात सुवर्णदुर्ग, त्याच्या अलीकडे नांगरलेल्या रंगीबेरंगी होड्या, त्यांच्यावर फडफडणारे बावटे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, त्यावर दीपगृह. फत्तेगडावर तर आता घरंच घरं झाली आहेत. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं. पुढे १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. ह्यांची इतिहासाची टकळी सुरू झाली आणि मी मात्र भराभर फोटो काढत सुटले.

खाली उतरलो आणि चित्राला वास आला! मुलांनी नाकं दाबली. वाटेत जाळी पसरलेली, एक म्हातारेबुवा पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून फाटलेले घर विणत बसलेले. दारापुढे जवळा वाळत घातलेला, त्यावर कावळे हाकायला एक चिमुरडी काठी घेऊन उभी. मनात म्हटलं, किती छान आहे नाही, साधं, शांत आयुष्य!

माझ्या या 'साध्या, शांत आयुष्या'चं पुढे काय झालं, ते ऐका.

लिलाव

हर्णैला सकाळी आणि संध्याकाळी किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. चार वाजल्यापासून माणसं जमू लागली. मोठ्या होड्या आत पाण्यात उभ्या राहतात. त्यांच्यावरची मासळी लहान होड्यांत उतरवून किनाऱ्याकडे आणतात. आमच्यासमोर एक बैलगाडी थेट पाण्यात शिरली, बैलांच्या पोटाला लाटा लागत होत्या. मुलांनी नाकावरचे हात काढले ते तेव्हा.

बघता बघता वाळूवर ढीग लागले. चकाकती सुरमई, बांगडे, माकूल, कोळंबी, एकीकडे शिंगाळे. ढिगाभोवती कडं आणि कड्यात बहुतेक बायकाच! कमरेला खोचलेलं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, हातात पाटी. बोली सुरू झाली. आकडे इतक्या भराभर चढत होते, की मी मनातल्या मनात बेरीज करीपर्यंत ढीग विकलासुद्धा जायचा. कागद नाही, पेन नाही. कुणी किती बोली लावली, कुणाचं मागचं किती देणं आहे, सगळं डोक्यात.

एक पन्नाशीच्या बाई बांगड्यांच्या पाटीसाठी अगदी हिरिरीने बोली लावत होत्या. मावळतीचं ऊन त्यांच्या तोंडावर पडलेलं. मी पुढे झाले आणि मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला.

"फोटो काढलास, पण विचारलंस का बाय?"

आवाज असा खणखणीत, की चार माणसं वळून बघू लागली. "मी काय जत्रेतली बाहुली हाय? माझा धंद्याचा टाइम हाय हा!" आणि तेवढ्यात, माझ्याकडे बोलण्याच्या नादात, त्यांची पाटी दुसरीकडे गेली!

मैत्रिणींनो, मला वाळूत शिरावंसं वाटलं. ह्यांनी तर मुलांना घेऊन शिताफीने काढता पाय घेतला. शाळेत पोरींना 'दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणू नये' असं शिकवणारी मी! त्यांच्याशेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "मावशी, चुकलं माझं." त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या ढिगावर बोली लावून पाटी घेतली, पैसे मोजले, घाम पुसला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बस आता. कुठून आलीस?"

पाटीचा हिशेब

पाटीवर बर्फ घालता घालता मावशी बोलत होत्या. मी आपली शिक्षिकेच्या सवयीने विचारत गेले आणि त्या बोटांवर हिशेब सांगत गेल्या.

पाटी पडली अठराशेला. बर्फाचे शंभर. वाहून नेणाऱ्याचे पन्नास. उद्या पहाटे दापोलीला जायचं, टेम्पोत स्वतःचे आणि पाटीचे मिळून दीडशे. म्हणजे एकवीसशे झाले, अजून एक बांगडासुद्धा विकलेला नाही. दुपारपर्यंत सगळा माल गेला तर सव्वीसशे येतील. पण बाराच्या पुढे मासळीचा दम जातो आणि भाव पडतो. "मग तुमच्यासारखी बाय येते," मावशी हसून म्हणाल्या, "आणि निम्म्याला मागते. तिला ठाऊक असतं, माझ्याजवळ आता थांबायला वेळ नाय."

मी गप्प. ती 'बाय' कोण, ते मला चांगलंच ठाऊक होतं.

मावशींचा नवरा आणि मुलगा दुसऱ्याच्या होडीवर जातात. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सुकवलेल्या जवळ्या-सोड्यांवर घर चालतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घरावरची कौलं उडाली, ती पुन्हा घालायला दोन वर्षं लागली. "वादळाच्या दिवशी माणसं घरी होती, तेवढं देवीनं बघितलं." हे सांगताना त्यांचा आवाज इतका साधा होता, की मला माझ्या दुपारच्या 'शांत आयुष्या'ची लाज वाटली.

तेवढ्यात त्यांचे यजमान आले. डोकं खाजवीत उभे राहिले आणि म्हणाले, "दोनशे दे गो." मावशींनी कमरेची पिशवी सोडली, "कशाला?" असं विचारलं, उत्तर पटलं तेव्हा नोटा काढून दिल्या. त्यात भांडण नव्हतं की ऐट नव्हती. विकणारी ती, म्हणून तिजोरीही तिच्याकडे, इतकी सरळ गोष्ट.

आणि मग मावशींनी मला विचारलं, "तू काय करतेस?"

"शाळेत शिकवते. अर्धा वेळ."

"मग तुझे पैसे कुणाकडं असतात?"

खरं सांगू? मला उत्तर देता आलं नाही. माझा पगार बँकेत जमा होतो. पासबुक ह्यांच्या फायलीत, कार्ड ह्यांच्या पाकिटात. आमचे 'हे' काही वाईट नाहीत हो! मागितले की देतात. पण खात्यात किती आहेत, हे नऊ वर्षांत मी कधी विचारलेलं नव्हतं. बी.ए. झालेली बाई मी, आणि मंडईत कोळणीकडून पन्नास रुपये सोडवले की जग जिंकल्यासारखी घरी यायची!

रात्री जेवणं झाल्यावर, मुलं झोपल्यावर, अंगणात बसून ह्यांना म्हटलं, "मला माझं पासबुक बघायचं आहे." हे दचकलेच. "का? काय झालं?" म्हटलं, काही झालं नाही. हिशेब कळावा म्हणून. हे थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तूच ठेव की. मला तरी कुठे आवड आहे त्या कटकटीची!"

बघा, इतकंच होतं. मीच कधी मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी होडीतून सुवर्णदुर्ग पाहिला. दरवाज्यात पायरीवर कोरलेलं कासव आणि तटातला मारुती मुलांना फार आवडला. येताना मुरूडला जाऊन कर्व्यांच्या गावाला नमस्कार केला आणि परतीच्या वाटेला लागलो.

जायचं असेल तर

- थंडीचे दिवस उत्तम. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा लिलाव पाहायला मिळणार नाही.
- संध्याकाळचा लिलाव पाहायचा तर चारच्या सुमारास पोचा. पायात जुन्या रबरी चपला घाला आणि साडी असेल तर जरा वर खोचा. वाळू ओली आणि निसरडी असते.
- लिलावाच्या कड्यात शिरू नका, कडेला उभ्या राहा. मुलांचा हात सोडू नका, गाड्या आणि पाट्या वेगाने येतात.
- थोडीच मासळी हवी असेल तर लिलावानंतर बायका वाटे लावतात, त्यांच्याकडून घ्या. कल्ले लाल, डोळे चकचकीत आणि बोटाने दाबलं तर खड्डा न राहणारी मासळी ताजी समजावी.
- घरी न्यायची तर झाकणाचा डबा बरोबर न्या आणि भरपूर बर्फ घाला. लांबच्या प्रवासाला सोडे किंवा सुकट बरी.
- सुवर्णदुर्गाला होडीने जायचं तर भरती-ओहोटी आणि वारा होडीवाल्याला विचारा. तो नको म्हणाला तर हट्ट धरू नका.
- आणि फोटो काढण्याआधी विचारा. हे मी अनुभवाने सांगते!

साताऱ्याला आल्यावर पहिल्या बुधवारी मंडईत गेले. आमच्या नेहमीच्या कोळणीपुढे बांगड्यांचा वाटा होता. "कसा दिला?"

"दोनशे." एवढं म्हणून ती माझ्या दीडशेची वाट बघू लागली. मी पर्समधून दोनशे काढून तिच्या हातावर ठेवले. तिने एकदा नोटांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ताई, बरं वाटत नाही का आज?"

मी हसले. म्हटलं, "बरी आहे. घाटातून पाटी इथवर कशी येते, त्याचा हिशेब कळला."

तिला ते कितपत समजलं कोण जाणे. पण तिने वाट्यात आणखी एक बांगडा टाकला आणि पिशवीचं तोंड नीट गुंडाळून दिलं. घरी आले. सासूबाईंनी भाव विचारला, तो खरा सांगितला. "दोनशे? आणि दिलेस?" म्हणून त्या दोन दिवस कुरकुरल्या. तेवढं मी ऐकून घेतलं.